तळाला सरस लावायचा नाही

गल्लीतल्या लहानथोर सगळ्यांची ती वहिनी होती. खरी वहिनी एकट्या धाकट्या दिराची, पण तो दिवसभर लेथच्या आवाजावर आवाज चढवून "वहिनी, कडं झालं का?" असं ओरडायचा, आणि ते ऐकून ऐकून दूधवाल्यापासून समोरच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. साठीला टेकलेली, अंगानं किरकोळ, डावखुरी. बोटांची पेरं सरसानं कायमची पिवळी पडलेली. लग्नकार्याला जाताना बायका दागिने घालायला वेळ लावतात, तेवढा वेळ ही नखं घासण्यात घालवायची आणि तरीही हात पदराखाली लपवून बसायची.

दीर-वहिनी मिळून लाकडी वाडगे करायचे. ओंडका कोरून केलेले नव्हेत, जोडलेले. पिंपाला जशा उभ्या फळ्या असतात तशा बारा पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येकीच्या दोन्ही कडा रंध्यानं तिरप्या करायच्या आणि सरसानं एकमेकींना चिकटवून त्यांचं गोल कडं करायचं. कड्याच्या आत खालच्या अंगाला खोबण असते, तिच्यात तळ बसवायचा. ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक कडेचा तिरपेपणा अर्धाच अंश चुकला, तर चोवीस कडांचा मिळून बारा अंशांचा घोळ होतो आणि शेवटच्या दोन पट्ट्या एकमेकींचं तोंड बघायला तयार होत नाहीत. "चूक कधी एकटी येत नाही, सगळा गोतावळा घेऊन येते," असं वहिनी म्हणायची.

म्हणून ती अख्खं कडं एका दमात चिकटवायची नाही. सहा आणि सहा पट्ट्यांची दोन अर्धी कडी आधी करायची. ती वाळली की काचेवर पॉलिशपेपर पसरून त्यांच्या कडा घासून घासून अशा सपाट करायची, की दोन्ही एकमेकांना टेकवून उजेडासमोर धरली तर मधून उजेड येता कामा नये. मग मध्ये तळ ठेवून दोन्ही अर्धी जोडायची आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बाहेरून आवळायच्या. हे सगळं पटापट, कारण सरस गरम आहे तोवरच कामाचा. वाऱ्याची झुळूक लागली की तो रुसतो आणि सांधा कच्चा राहतो. जोडकाम चालू असलं की आतल्या खोलीचं दार लावलेलं असायचं, ते त्यासाठी.

कडं वाळलं की पट्ट्यांच्या खालच्या कडेला एक जाड ठोकळा चिकटवायचा आणि तो लेथच्या लोखंडी तबकडीला स्क्रूनं पक्का करायचा. ठोकळा आणि वाडगा यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा एक कागद. कातून झालं की त्या कागदाच्या रेषेवर पटाशी ठेवून एक टोला द्यायचा, ठोकळा अलगद सुटतो. "पेपरात कामाचं काही असतं ते एवढंच," असं भावजी, म्हणजे तो दीर, रोजचा पेपर फाडताना म्हणायचे. दिवसातून दोनदा म्हणायचे, आणि दोन्ही वेळा स्वतःच हसायचे.

भावजी जातिवंत कातारी. फिरत्या लाकडाला हत्यार टेकवलं की ढलप्या कशा रिबिनीसारख्या निघायच्या. गिऱ्हाईक आलं की वाडगा हातात घेऊन त्याच्या गुळगुळीत अंगावरून हात फिरवायचं आणि त्यांना दाद द्यायचं. जोडणाऱ्याची आठवण वाडगा फुटला तरच व्हायची. हा न्याय सगळ्या जगाचाच आहे, त्यात वहिनीवर वेगळा अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. तिचं दुखणं निराळं होतं.

समोरच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल अशा फळीवर एक मोठा वाडगा ठेवलेला होता. एकाच लाकडाच्या सोळा पट्ट्या, आणि लाकडाच्या रेषा अशा जुळवलेल्या की नखानं शोधूनही सांधा सापडू नये. तो विकायचा नव्हता. "हे बघा, दादाचं जोडकाम," भावजी प्रत्येकाला सांगायचे. "माणूस जाऊन नऊ वर्षं झाली, सांधा केसाएवढा हललेला नाही." दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. आणि गिऱ्हाईक गेलं की भावजी वहिनीनं नुकतंच जोडलेलं कडं उचलून बोटानं टकटक वाजवायचे, कानाशी धरायचे आणि म्हणायचे, "वाईट नाही हं वहिनी. पण दादाच्या सांध्याची सर नाही."

"नसेल," वहिनी म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

आता खरी गोष्ट सांगायची तर फळीवरचा तो वाडगा तिनंच जोडलेला होता. शेवटची दीड वर्षं नवऱ्याचे हात थरथरायला लागले होते. आधी थोडे, मग इतके की चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागे. सरसाचं काम म्हणजे घाईचं आणि नेमकेपणाचं. ते त्या हातांनी होणं शक्य नव्हतं. तेव्हा दार लावून घेऊन नवरा शेगडीशेजारी स्टुलावर बसायचा आणि ती जोडायची. भिंतीपलीकडे भावजी लेथवर. त्यांना वाटायचं दादा जोडतो आहे आणि वहिनी सरस ढवळते आहे. "त्याला कळता कामा नये," नवऱ्यानं बजावलं होतं, आणि भावजींसमोर तो हात शालीखाली दडवून बसायचा. का, ते त्यानं एकदाच सांगितलं, आणि तिनं मान हलवली. दिलेला शब्द तिनं तो गेल्यावरही मोडला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मुठीत तिचंच काम होतं आणि वाहवा दुसऱ्याच्या नावावर चालली होती. कधी कधी तिला इतका राग यायचा की सरसाचं भांडं फळीवर आपटावंसं वाटे. पण ज्याच्या नावावर चालली होती तो तिचाच माणूस होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

एवढंच असतं तर तिनं ते हसत हसत निभावून नेलं असतं. पण मुठीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती नवऱ्यालाही ठाऊक नव्हती.

अगदी सुरुवातीला, ती जोडकाम शिकून पुरता महिनाही झाला नव्हता तेव्हा, नवऱ्याला आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. भावजी रोज दुपारी आणि रात्री भावापाशी बसायचे आणि सकाळी येऊन लेथ चालवायचे. दोन वाडग्यांची घाई होती. "दादानं जोडून ठेवलेली कडी असतील ना?" त्यांनी विचारलं. "आहेत," ती म्हणाली, आणि एकटीनं दार लावून दोन कडी जोडली. तोवर तळ नवराच बसवायचा; आता तिनं तो खोबणीत बसवला तेव्हा तिला जरा सैल वाटला. नवरा असता तर विचारलं असतं. तो नव्हता, म्हणून तिनं आपल्या अकलेनं खोबणीत सगळीकडून भरपूर सरस ओतला. सैल चूल, सैल बिजागरी, सैल गाठ हे बाईच्या डोळ्याला खुपतंच. तळ कसा घट्ट बसला, तिला फार बरं वाटलं.

नवरा घरी आला आणि पुढच्याच कड्याला तिनं तळासाठी सरसात ब्रश बुडवला, तसा तो स्टुलावरून म्हणाला, "तिथे नको. तळाला सरस लावायचा नाही. लाकूड कापलं तरी मरत नाही गं. दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. तळाला त्याच्या खोबणीत सुटा राहू द्यायचा, घरातल्या म्हाताऱ्यासारखा. जागा द्यायची, बांधून घालायचं नाही. बांधलास तर आज ना उद्या तो वाडगा फोडतो."

तिनं ब्रश तसाच वर उचलला. ते दोन्ही वाडगे तोवर गिऱ्हाइकांच्या घरी पोचले होते. सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण समोर बसलेल्या माणसाचे हात मांडीवर थरथरत होते आणि त्याच्यावर आणखी एक ओझं टाकावंसं तिला वाटेना. उद्या सांगू म्हणता म्हणता तो माणूसच गेला. तेव्हापासून दहा-साडेदहा वर्षं, कुणी दारातून कापडात गुंडाळलेलं काही घेऊन आलं की वहिनी हातातलं काम थांबवून बघायची. कधी आतून दांडा निखळलेली रवी निघायची, कधी कुणाचा तुटका पोळपाट. ती पुन्हा कामाला लागायची.

आणि एका सकाळी टॉवेलात गुंडाळलेला वाडगा निघालाच.

घेऊन आल्या होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मा, इस्त्रीची साडी, बोलणं असं की समोरच्यानं आपोआप ताठ उभं राहावं. "तक्रार नाही माझी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं छान टिकला. नव्या घरात गेलो, खिडकीशी ठेवला होता. परवा टेबलावरच ठाणकन आवाज झाला आणि पाहते तर हा असा." वाडगा एका सांध्यावर काठापासून बुडापर्यंत उकलला होता आणि तळ मधोमध तडकला होता.

भावजींनी तो उलटा केला. तळाखाली महिना आणि वर्ष लिहायचं काम त्यांचंच असे, त्यामुळे अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी ते वाचलं, मनाशी हिशेब केला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे दादाच्या वेळचं आहे," ते म्हणाले. चाकूचं टोक त्यांनी तळाच्या कडेला घातलं. सुटा तळ असा हलायला हवा. हा तसूभर हलला नाही. कडेला वाळलेल्या सरसाची पिवळी रेघ दिसत होती. दाराच्या फटीतून वहिनी हे सगळं बघत होती, आणि भांड्यातला सरस करपायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"बाई," भावजी मुख्याध्यापिकांना म्हणाले, "ही माझ्या भावाची चूक आहे. मी तुम्हाला दुसरा करून देतो."

बाई गेल्या. भावजी त्यांना दारापर्यंत पोचवून आले. मग त्यांनी फळीवरचा तो मोठा वाडगा काढला, गोणपाटात गुंडाळला आणि बाकाखाली सरकवला. वहिनी दारात आली तेव्हा ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्याचं डोकंच ठिकाणावर नसणार तेव्हा. मला ज्यानं पहिल्या दिवशी शिकवलं, की तळाला सरस लावायचा नाही, तोच सरस लावून बसला. याचाही तळ तसाच असेल, चाकू घालून बघायचा धीर नाही मला. कधी फुटेल सांगता येत नाही. आता कुणाला दाखवायला नको."

त्याच वेळी वहिनीनं तोंड उघडायला हवं होतं. पण नऊ-दहा वर्षं जी जीभ आवरून धरलेली असते ती अशी ऐन वेळी सैल सुटत नाही. तिच्या तोंडून "चहा टाकू का?" एवढंच निघालं. भावजी नको म्हणाले. चहाला ते नको म्हणाल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

पुढचे दोन दिवस घरावर मळभ आलं. भावजींनी पेपर फाडला, पण पेपराचा विनोद केला नाही. संध्याकाळी जाऊबाई, म्हणजे भावजींची बायको, वहिनीपाशी येऊन बसली. "यांना झालंय तरी काय?" ती म्हणाली. "भाजीत मीठ नव्हतं, गुमान जेवले. मी मुद्दाम भांडण उकरून काढलं, तर तेही नाही. ताई, मला भीती वाटते हो." मग आवाज खाली घेऊन तिनं सांगितलं, की त्यांनी जुनी वही काढली आहे. दादांच्या शेवटच्या दीड वर्षात जे वाडगे गेले त्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते ते उतरवून घेत आहेत. प्रत्येकाला कळवणार आहेत, की आमच्या भावाच्या हातून चूक झाली आहे, वाडगा परत आणून द्या.

वहिनीला त्या रात्री झोप लागली असेल असं मला वाटत नाही. आजवर तिनं गप्प बसून नवऱ्याचं नाव राखलं होतं. आता तिचं तेच गप्प बसणं त्याच्या नावाला काळिमा लावत होतं. जी चूक त्याच्या हातून स्वप्नातही झाली नसती, ती शे-सव्वाशे घरांत त्याच्या नावावर कळवली जाणार होती. बोललं पाहिजे हे उघड होतं. पण बोललं की एकच गोष्ट बाहेर येणार नव्हती. तळ मी चिकटवला म्हटलं, की तेव्हा जोडत कोण होतं हा प्रश्न येणार. मग फळीवरचा वाडगाही येणार. आणि लोक म्हणणार, बघा, मेलेल्या नवऱ्याचं श्रेय उचलायला बाई चूक कबूल करायच्या निमित्तानं पुढे आली. लोकांचं एक वेळ सोडा. आपल्यालाही मनात कुठेतरी तेच हवं आहे की काय, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला, आणि त्याचं उत्तर पुरतं नाही असं आलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावानं आपली वाहवा ऐकलेल्या माणसाला तेवढं वाटणारच.

सकाळी ती गरम पाण्याचं पातेलं आणि तो फुटका वाडगा घेऊन समोरच्या खोलीत आली. भावजी लेथवर होते.

"भावजी, जरा लेथ बंद करा."

ती असं कधी म्हणत नसे. त्यांनी बटण दाबलं. फिरतं लाकूड हळूहळू थांबलं.

"या वाडग्याचा तळ मी चिकटवला आहे. यांनी नाही."

भावजींनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "वहिनी," ते म्हणाले, "दादासाठी तुम्ही काय वाटेल ते अंगावर घ्याल. मला माहीत आहे. पण तुम्ही तर तो गेल्यावर जोडायला लागलात. हा त्याच्या आधीचा आहे. कशाला उगीच?"

खरं सांगावं आणि समोरच्यानं ते आपला मोठेपणा समजून बाजूला सारावं, याच्याइतकी अडचण दुसरी नाही. वहिनीनं वाद घातला नाही. तिनं फडकं गरम पाण्यात बुडवलं आणि उकललेल्या सांध्याच्या समोरच्या सांध्यावर धरलं. सरसाचं हे एक बरं असतं, गरम पाण्यानं तो ऐकतो. एकदा, दोनदा, पाचदा फडकं बुडवून ती धरत राहिली. मग तळाच्या कडेवर. शेवटी कट्टकन आवाज झाला आणि सहा पट्ट्यांचं एक अर्धं कडं तिच्या हातात आलं. खोबणीतला मऊ झालेला सरस तिनं अंगठ्यानं पुसून काढला आणि ते अर्धं भावजींपुढे धरलं.

"आकडे वाचा," ती म्हणाली.

पट्ट्यांचा क्रम चुकू नये म्हणून जोडणारा प्रत्येक पट्टीवर आकडा घालतो. आतून बाहेरून सगळं अंग लेथवर कातलं जातं, तेव्हा आकडा टिकेल अशी जागा एकच, खोबणीच्या आत. तिथे दादा आकडे घालायचा, आणि त्याचं बघून ती. पण दादा पट्ट्या फळीवर डावीकडून उजवीकडे मांडायचा. ही डावखुरी, ही उजवीकडून डावीकडे मांडते. गेली नऊ वर्षं भावजी तिला त्यावरून चिडवत आले होते, की आमच्या वहिनींचं घड्याळ उलटं चालतं.

भावजींनी खोबणीवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. बोट उजवीकडून डावीकडे सरकत गेलं. त्यांनी ते पुन्हा एकदा, उलट बाजूनं सरकवून बघितलं, जणू तसं केल्यानं आकडे बदलणार होते.

"हे दवाखान्यात होते ते आठ दिवस," वहिनी म्हणाली. "मला अक्कल नव्हती. दोन वाडगे तसे गेले. एक हा. दुसऱ्याचा पत्ता तुमच्या वहीत असेल, त्या एकालाच कळवा. बाकीच्यांच्या तळाला काही झालेलं नाही."

"बाकीचे दादानं केले?"

आता खोटं बोलायला जागा होती. तिला ती स्पष्ट दिसली. हो म्हटलं असतं तर नवऱ्याचं नाव धुऊन निघालं असतं, तिची चूक तिच्या पदरात पडली असती, आणि कुणालाही आणखी काही दुखलं नसतं. पण एक खोटं राखायला किती सरस ओतावा लागतो हे तिनं पाहिलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "त्यांचे हात गेले होते भावजी. दीड वर्ष मीच जोडत होते. ते शेजारी बसून सांगायचे."

भावजी खाली वाकले. बाकाखालून त्यांनी गोणपाट ओढलं, सोडलं, आणि तो मोठा वाडगा दोन्ही हातांनी वर धरला. "आणि हा?"

"तोही."

मग भावजी म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं मी तुम्हाला तुमचीच उदाहरणं देत होतो?"

"हो."

"आणि तुम्ही ऐकून घेत होता?"

"राग यायचा," वहिनी म्हणाली. "पण जरा बरंही वाटायचं."

भावजी हसले. हसू अर्ध्यातच मोडलं. ते वाडगा फिरवून फिरवून बघत राहिले, आणि मग जे बोलले ते वहिनीनं रात्रभर केलेल्या विचारात कुठेच नव्हतं. "मग दादाचं इथे काय राहिलं हो? त्याच्या हाताचे सगळे वाडगे विकले मी. वाटलं, हा एक आहे ना. रोज येता-जाता याला हात लावायचो. तो सांधा त्याचा नव्हताच."

तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं, की आपण आपली चूक परत घेताना या माणसाचा भाऊ त्याच्याकडून काढून घेतला आहे. ती त्याच्याशेजारी बाकावर बसली. दीर-वहिनी असे शेजारी कधी बसत नसत.

"हा मी पहिल्यांदा जोडला ना," ती म्हणाली, "तेव्हा यांनी टकटक वाजवला, कान लावला आणि म्हणाले, सोडव. गरम पाणी लावून सोळाच्या सोळा पट्ट्या सोडवल्या. पुन्हा जोडला. पुन्हा म्हणाले, सोडव. असं चार वेळा. चौथ्या वेळी मी रडले. तुम्हाला काही दयामाया नाही, असं मी तोंडावर म्हणाले. पाचव्यांदा जोडला, तेव्हा पुष्कळ वेळ कान लावून बसले आणि म्हणाले, हो, आता दे त्याला. सांधे माझे आहेत भावजी. पण ते ‘हो’ त्यांचं आहे. माझं मला पहिल्या वेळीच बरं वाटलं होतं."

भावजींनी वाडगा कानाशी नेला आणि बोटानं वाजवला. नेहमी वाजवायचे तसाच. मग तो मांडीवर ठेवून म्हणाले, "मला का नाही सांगितलं? मी दहा पावलांवर होतो. मधे एक भिंत. माझ्या भावाचे हात गेले आणि मी इकडे ढलप्या काढत होतो."

"तेच त्यांना हवं होतं," वहिनी म्हणाली. "मला म्हणाले, त्याला कळलं तर तो लेथ बंद करून माझ्या उशाशी येऊन बसेल. तो बसला की मला कळेल, की आपलं संपत आलं. सकाळी तुमचा लेथ सुरू झाला की म्हणायचे, लागला कामाला. आणि मग डोळे मिटून पडायचे. त्या आवाजावर त्यांना झोप लागायची. तेवढी एकच झोप होती त्यांना."

भावजींनी मान खाली घातली. वहिनीनं पदराआड लपवायचे ते पिवळ्या पेरांचे हात पुढे केले आणि त्यांच्या पाठीवर ठेवले.

जाऊबाई दारात आली, दोघांकडे बघितलं, आणि तशीच पाऊल न वाजवता परत गेली. लेथच्या तबकडीवर अर्धवट कातलेला वाडगा तसाच होता. भावजी उठले, पण लेथकडे गेले नाहीत. ते आतल्या खोलीत गेले आणि शेगडीपाशी उभे राहून इकडे तिकडे बघू लागले. इतक्या वर्षांत या खोलीत ते फक्त कडं न्यायला यायचे, आणि तेही उंबऱ्यावरूनच.

"कुठे बसायचा?" त्यांनी विचारलं.

वहिनीनं स्टूल पुढे सरकवलं. भावजी त्याच्यावर बसले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, सगळं सांगा. हात पहिल्यांदा कधी थरथरले त्याचे, तिथपासून."

दादा गेल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि हे तिला आजवर कुणीही विचारलं नव्हतं. तिनं दार उघडंच ठेवलं, सरसाचं भांडं शेगडीवरून खाली उतरवलं आणि सांगायला सुरुवात केली.